ट्रॅक्टरपाशी कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुनी मळणी मशीन आहे. सास्तूरच्या अलीकडच्या एका गावात, शरणबसप्पांच्या शेतात, बांधावरच्या बाभळीखाली माझा मुक्काम असतो. माझा लाल रंग केव्हाच उडाला. एका चाकात हवा टिकत नाही, आणि पोटात चिमण्यांनी काड्या भरून ठेवल्यात. येणारी-जाणारी माणसं मला बघून म्हणतात, काय हे धूड पडलंय! म्हणोत बापडी. मला त्याचं काही वाटत नाही. मला वाटते ती भीती. लोखंडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म उमरग्याचा. हायवेला लागून शंभुलिंग मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं, तिथं मला जोडलं गेलं. दिवसभर ट्रकांचा आवाज आणि वेल्डिंगच्या ठिणग्या, हेच माझं बाळपण. शरणबसप्पा मला न्यायला आले तेव्हा मिस्त्रींनी मला चालवून दाखवलं. मी एवढी जोरात घोंघावले की शरणबसप्पा दोन पावलं मागंच सरले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हिच्या तोंडात काय जातंय ते हिला कळत नाही, शेंग असो की हात. म्हणून हिला फिरवणाऱ्या ट्रॅक्टरपाशी एक माणूस कायम उभा ठेवायचा. त्यानं दुसरं काही करायचं नाही. हात बंद करायच्या दांडीवर आणि नजर माल लावणाऱ्याच्या हातांवर.

मिस्त्रींचं एवढं एक खरं नव्हतं. मला कळतं, मित्रांनो. सगळं कळतं. फक्त थांबता येत नाही.

शरणबसप्पांनी त्या कामाला बलभीमला लावलं. बलभीम ऊसतोडीला जायचा, तिथं ट्रकवरून पडून त्याचा पाय अधू झाला होता. ओझं उचलणं जमत नव्हतं, पण उभं राहता यायचं. टोळी विठाबाईची. आठ-दहा बाया, साडीवर घरधन्याचे फुल बाह्यांचे जुने शर्ट चढवून, पदर शर्टाच्या आत खोचून, डोक्याला टॉवेल बांधून यायच्या. बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंजी, फोडायची, मिठीत मावतील एवढे कवळे आणायचे, माझ्या तोंडाशी सोडायचे. एकीकडं दाणे, दुसरीकडं भुसा. हसणं-खिदळणं तर विचारू नका! बलभीमची तर त्या रोज फिरकी घ्यायच्या. एवढं उभं राहून थकला असशील, पाय चेपून देऊ का, असं विठाबाई विचारायची. बलभीम तंबाखूची गोळी गालात सरकवायचा आणि नजर न हलवता म्हणायचा, "तुझ्या हाताकडं बघ गं बाई, माझ्या पायाकडं नगं."

किती वेळा त्यानं मला झटक्यात बंद केलं असेल! कुणाची बाही माझ्या दात्यांकडं ओढली जायची, कुणाचा टॉवेल सुटायचा. दांडी ओढली जायची, बाई हात काढून घ्यायची, पुन्हा काम सुरू. संध्याकाळपर्यंत सगळ्या ते विसरून जायच्या. काही झालंच नाही, तर लक्षात तरी काय राहणार?

त्या दिवसांत माझा मान मोठा होता. अख्ख्या शिवारात रास, म्हणजे मळणी, माझ्याशिवाय होत नव्हती. मला हळदीकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. मग एकेक जण गळत गेला. आधी तरणी पोरं गेली, कोणी पुण्याच्या कंपन्यांत, कोणी हैदराबादच्या हॉटेलांत. त्यांच्या मागून त्यांच्या बायका गेल्या. विठाबाईला उमरग्यात एका दवाखान्यात साफसफाईचं काम लागलं. ती सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता. डोक्यावर पंखा असतो म्हणाली, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. शरणबसप्पा कुरकुरले, की सगळेच असे सावलीला पळाले तर रानात कोण यायचं? विठाबाई त्यांचा मान ठेवून बोलायची, पण गप्प बसणारी नव्हती.

"अप्पा, तुमचा गुरुलिंग बी तिकडंच हाय की," ती म्हणाली.

 गुरुलिंग, शरणबसप्पांचा एकुलता एक मुलगा, पुण्याकडंच एका गोदामात कामाला होता. मीही गेलेल्यांना नावं ठेवत नाही. उन्हातलं काम सोडून सावलीतलं मिळत असेल, तर कोण सोडेल?

शेवटी बलभीमही गेला. गुरुलिंगनंच त्याला त्या गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लावलं. तिथंही काम तेच, उभं राहायचं आणि बघायचं. गावात मात्र त्याची जागा कोणी घेतली नाही. उरलेल्या मजुरांनी गुत्तं घ्यायला सुरुवात केली होती. सगळ्या कामाचा एकच सौदा, आणि त्यात जेवढी माणसं तेवढे वाटे. मग नुसत्या उभ्या राहणाऱ्याला वाटा कशाला द्यायचा? ट्रॅक्टरपाशी कोणी नाही, अशी मी पहिल्यांदा चालले त्या दिवशी मला धडकी भरली. ती आजतागायत गेलेली नाही.

पुढं मोठी हार्वेस्टर आली. चार दिवसांचं काम जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकायची. मला बाभळीखाली ढकललं गेलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण आतून सुटल्यासारखंही वाटलं. गंजेन, पण कोणाचं रक्त तरी माझ्या दात्यांना लागणार नाही, असं मनाशी म्हणाले.

गेल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस लागला. काळ्या रानात चिखल झाला आणि हार्वेस्टर बांधावरच अडकून बसली. बाहेरगावच्या मजुरांच्या काही नवरा-बायकोच्या जोड्या आल्या, घाईघाईनं सोयाबीन कापून बनीम लावून पुढच्या गावाला निघून गेल्या. रास करायला कोणी नव्हतं. शरणबसप्पा मोटारसायकलवरून लोहाऱ्याला जाऊन आले, सास्तूर पालथं घातलं. जो तो म्हणे, दिवाळीनंतर बघू. ताडपत्रीखाली बनीम गरम व्हायला लागली, खालच्या शेंगांना मोड आले, त्याचा आंबूस वास माझ्यापर्यंत यायचा. त्यांनी विठाबाईलाही फोन केला. तिला सुट्टी मिळेना. माझ्याजवळच उभे राहून बोलत होते, म्हणून तिचं शेवटचं बोलणं मला ऐकू आलं.

"अप्पा, कोन बी लावा कामाला, पर ट्रॅक्टरपाशी मानूस ठेवा."

"व्हय, व्हय," म्हणाले शरणबसप्पा, आणि फोन ठेवून आभाळाकडं बघत राहिले. माणूस आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ट्रॅक्टरला जोडलं. पोटातल्या काड्या काढल्या, तेल दिलं. माल लावायला उभी राहिली ती त्यांची सून, गुरुलिंगची बायको राजेश्वरी. उमरग्याच्या किराणा दुकानदाराची लेक, रानातल्या कामाची सवय नाही. पण पोर जिद्दीची. मीच करते मामा, काळजी करू नका, असं तिनंच सांगितलं होतं. येताना तिनं नवऱ्याचा फुल बाह्यांचा एक शर्ट हातात घेतला होता, बाया घालतात तसा साडीवर चढवायला. सासूबाई प्रेमाबाई तिला सोडायला आल्या होत्या. गुडघे धरलेले, म्हणून त्यांना काम जमणार नव्हतं. त्यांनी तो शर्ट बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"रोजगाराच्या बाया घालतेत ते. आपन घालायचं न्हाय. रस्त्यानं सगळं गाव जातंय," त्या म्हणाल्या. "आन् मामंजीम्होरं डोईवर पदर नगं का?"

राजेश्वरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा सासूकडं. मग शर्ट बांधावर ठेवला आणि पदर डोक्यावर घेऊन खांद्याशी पिन नीट केली. प्रेमाबाई वाईट नाहीत हो. सुनेवर जीव आहे त्यांचा. चार लोकांत तिचा मान राहावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला मात्र त्या मोकळ्या पदराचीच भीती वाटली. नको गं बाई, घाल तो शर्ट, असं मी आतल्या आत ओरडत होते. पण बंद असले की मला आवाजच फुटत नाही, आणि सुरू झाले की तुमच्या कानाला नुसती घरघर.

ट्रॅक्टर सुरू झाला. शरणबसप्पा मागच्या बाजूला पोती लावायला गेले. त्यांची पाठ आमच्याकडं होती. ट्रॅक्टरपाशी कोणी नव्हतं.

सुरुवातीला राजेश्वरी लांबूनच कवळा सोडायची आणि पटकन मागं सरायची. मला जरा धीर आला. मग वारं सुटलं. पदर डोक्यावरून घसरायचा, ती एका हातानं तो वर घ्यायची आणि दुसऱ्या हातानं माल लावायची. घसरला की पुन्हा वर. तोवर लोहाऱ्याच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट होऊन आलं. शरणबसप्पांनी मागूनच ओरडून सांगितलं, की हात उचल पोरी, आलाच पाऊस. ती आणखी पुढं आली. इतकी पुढं, की तिच्या बांगड्यांचा आवाज मला माझ्या गरगरण्यातही ऐकू येत होता.

आणि एका कवळ्याबरोबर पदराचं टोक आत आलं.

शेंगा कडकड फुटतात. कापड फुटत नाही, ते गुंडाळत जातं. मला ते लगेच कळलं. पण मी फिरत होते. पदर ताणला, राजेश्वरीची मान खाली आली, तिनं दोन्ही हात माझ्या तोंडाच्या कडेवर रोवले आणि किंकाळी फोडली. माझ्याच आवाजात ती बुडाली. शरणबसप्पा पोतं शिवत राहिले. मी त्यांना हाक मारू शकत नव्हते. मी फक्त तिला ओढू शकत होते, आणि ओढत होते.

प्रेमाबाई चहाची किटली घेऊन बांधावरून येत होत्या. त्यांनी पाहिलं. किटली कुठं पडली कोणास ठाऊक, पण गुडघे धरलेली ती बाई वाऱ्यासारखी धावत आली. ट्रॅक्टर कसा बंद करतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं सुनेच्या कमरेला मिठी घातली आणि नवऱ्याला नावानं हाक मारत बोंब ठोकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांचं नाव घेतलं असेल. शरणबसप्पा वळले आणि बनमीला वळसा घालून पळत सुटले.

"पदर सोड! लुगडं सोड सगळं!" प्रेमाबाई किंचाळत होत्या.

राजेश्वरीचा एक हात कडेवरून सुटून खांद्यावरच्या पिनेकडं गेला. तेवढ्यात समोरून पळत येणारे सासरे तिला दिसले. तिचा हात पिनेवरच थांबला.

मित्रांनो, तो हात थांबला आणि मी नाही थांबले. ती आणखी ओढली गेली. तिचा श्वास माझ्या पत्र्याला लागला. तेव्हा प्रेमाबाईंनी स्वतःच्या हातानं ती पिन उपटली, ब्लाऊजच्या कापडासकट. साडीच्या वेढ्यातून सुनेला गरकन फिरवून काढलं आणि दोघी पाठीवर आदळल्या. शरणबसप्पांनी दांडी ओढली. पण बंद केलं तरी मी लगेच थांबत नाही, माझा वेग मरायला वेळ लागतो. त्या तिघांच्या देखत ती अख्खी साडी मी गिळली.

मग सगळं शांत झालं. राजेश्वरीची मान सोलून निघाली होती, हातातल्या बांगड्या फुटून रक्त आलं होतं. पण हात जागेवर होते, बोटं जागेवर होती. शरणबसप्पा आमच्याकडं पाठ करून, दांडी धरून उभे होते. त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि मागं न बघता हात लांब करून तो प्रेमाबाईंकडं दिला. पाऊस आला. मोकळी बनीम भिजत होती, पण ताडपत्री टाकायला कोणी उठलं नाही.

सासऱ्यांच्या पाठीकडं बघत राजेश्वरी बोलली. 

"मामा, म्या सोडलं असतं लुगडं. पर तुमी दिसला."

शरणबसप्पा खाली चिखलातच बसले आणि लहान पोरासारखे रडले. प्रेमाबाईंनी सुनेचं डोकं छातीशी धरलं होतं. माझंच चुकलं गं माय, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ती रास तशीच कुजून गेली. मला परत बाभळीखाली आणून सोडलं. साडीचे धागे अजून माझ्या दात्यांना गुंडाळलेले आहेत; ते काढायला कोणाचा हात धजत नाही. आता पुन्हा रानात शेंगा भरल्यात. परवा शरणबसप्पा फोनवर कोणाला तरी विचारत होते, माणसं मिळतील का म्हणून. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

मित्रांनो, माझ्या जातीच्या मशिनी सहसा आपली कहाणी संपवताना तेल मागतात, रंग मागतात, आमची निगा राखा म्हणतात. मला त्यातलं काही नको. तुमच्या रानात रास असेल तेव्हा तुम्ही मुलं लांब उभी राहा, पण मोठ्यांना एवढं विचारा, की बंद करायला कोण उभं आहे? माझ्यासमोर येणारी बाई घरची असो की रोजगाराची, तिच्या अंगात शर्ट आहे का? हसले तरी विचारा. आणि उभं राहायला माणूस मिळतच नसेल, तर मला इथंच राहू द्या. गंजून माझा भुगा झाला तरी चालेल, पण मला तसंच सुरू करू नका. मला थांबता येत नाही हो.