कुंकवाखालचा नळ

मी एक जुना नळ आहे. पण मित्रांनो, मोरिवलीत आता मला कोणी नळ म्हणत नाही. येणारे-जाणारे माझ्यासमोर चपला काढतात, डोक्यावरची घंटा वाजवतात, हात जोडतात आणि निघून जातात. माझ्या गळ्यात झेंडूचा हार असतो. तोंडावर कुंकवाचा इतका जाड थर बसला आहे, की मी पितळेचा आहे हे लहान मुलांना सांगूनही पटत नाही. सगळे मला देव समजतात. देवाला काय वाटतं ते मला ठाऊक नाही, कारण मी देव नाही. मला काय वाटतं ते मात्र सांगतो. मला फार एकटं वाटतं.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर लेथवर चढवून माझ्या अंगावर आटे पाडले आणि पोटात चामड्याचा वायसर बसवला. माझ्याबरोबर ओतलेली भावंडं कुठे कुठे गेली. कोणी पांढऱ्याशुभ्र बेसिनवर आरशासमोर बसलं, कोणी दवाखान्यात गेलं. मला सरकारनं घेतलं. त्या वेळी मोरिवलीच्या विहिरीला कारखान्यांच्या सांडपाण्याचा वास मारू लागला होता. पाण्यावाचून माणसं जगणार कशी, असा विचार वर कोणीतरी केला, आणि बाळाजीशेठच्या चाळीसमोर सिमेंटचा खांब उभारून त्यात मला बसवलं. खाली ओटा बांधला. सरकारी नळाच्या नशिबी ऊन आणि पाऊस, असं म्हणतात. असेना. माझ्या नशिबी माणसंही होती.

पहिल्या दिवशी बायकांनी माझी पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, ओटी भरली. मग मोठ्या रस्त्यावरच्या चेंबरमध्ये चावीवाल्या चंदूनं लांब दांड्याची चावी फिरवली आणि माझ्या तोंडातून पाणी आलं. त्या दिवशी इतके हंडे लागले, की संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावरचं कुंकू सगळं धुऊन गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नव्या नवरीची हळद कामात उतरते, तसंच ते होतं.

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. उजाडायच्या आत ओट्यावर नंबर लागायचे. ज्यांचे हंडे घरी अडकलेले, त्या बायका आपल्या नावाचा दगड ठेवून जात. प्रत्येकीचा दगड मला ओळखू यायचा. कोणी दुसरीचा दगड मागे सरकवला, की जे काही ऐकायला मिळायचं, ते इथे सांगण्यासारखं नाही. कोणाची घागर भरता भरेना, तर मागून आवाज येई, "काय गो, घागर आणलीस का टाकी?" मग हशा व्हायचा. याच ओट्यावर सोयरिकी ठरल्या. याच ओट्यावर एकीनं नवऱ्याच्या माराचे वळ दुसरीला दाखवले आणि पदर पुन्हा ओढून घेतला. मी सगळं पाहिलं, आणि पाणी देत राहिलो.

सगळ्यात पहिला तांब्या विठाबाईंचा असायचा. चाळीच्या टोकाच्या खोलीत त्या एकट्या राहत. यजमान कारखान्यात असतानाच वारले होते. विठाबाई घरी बसून प्लास्टिकच्या झाकणांच्या कडा तासून देत, त्यावर पोट. त्यांचा एक नेम होता. पहिला तांब्या तुळशीला, दुसरा वाटसरूला. आनंदनगरच्या कारखान्यांत पाळीला चालत निघालेला कोणी कामगार दिसला, की त्या तांब्या पुढे करत. कोण, कुठला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. वाटसरूनं पाणी प्यायल्याशिवाय त्या स्वतः घोटभरही घेत नसत.

आता एक गोष्ट सांगताना मला जड जातं, पण सांगतो. चाळीत सरस्वतीबाईंचं बौद्ध कुटुंब होतं. सरस्वतीबाई पाणी भरून गेल्या, की त्यांच्या मागे नंबर असलेल्या द्रौपदीबाई आधी माझी तोटी विसळून घेत आणि मगच आपली घागर लावत. माझ्या अंगाला काय लागलं, ते मला कधी कळलं नाही. पाणी एकाच पाइपातून येत होतं. एके दिवशी विठाबाईंनी सरस्वतीबाईंच्या मागे आपला तांब्या लावला, तोटी न विसळता भरला आणि सगळ्यांदेखत तुळशीला घातला. त्या दिवसापासून द्रौपदीबाईंनी तोटी विसळणं सोडलं. पुढे सरस्वतीबाई थकल्या आणि त्यांची सून यशोधरा हंडा घेऊन येऊ लागली. ती एका कंपनीत पॅकिंगला होती. विठाबाईंना ती काकू म्हणायची.

मग दोन हजार साल उलटलं आणि माझ्या समोरचं जग बदलू लागलं. बाळाजीशेठनी रस्त्यापलीकडची भातशेती विकली. तिथे सात मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या फाटकाशी एक कारंजं बांधलं. संध्याकाळी त्यात रंगीत दिवे लागत आणि पाणी वर उडून पुन्हा खाली पडे. ते कोणाच्या तांब्यात जात नसे, कोणाच्या घशातही नाही. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. पाणी सुंदर दिसावं, यात वाईट काय? पण ते ज्या पाइपातून येत होतं, त्याच पाइपावर मीही होतो. कारंजं जसजसं उंच उडू लागलं, तसतशी माझी धार बारीक होत गेली. हंडा भरायला इतका वेळ लागे, की बायकांची भांडणंसुद्धा मध्येच संपून जात.

त्यानंतर वर एक गोष्ट ठरली. आता घरोघरी नळ घ्यायचा आणि रस्त्यावरचे नळ काढून टाकायचे. चौकात फुकट वाहणारं पाणी सरकारला परवडत नाही, असं पाण्याच्या ऑफिसातले साहेब सांगून गेले. ज्यांना जमलं त्यांनी घरात नळ घेतले. चाळीच्या टोकाच्या पाच भाड्याच्या खोल्यांना मात्र जमेना. नळासाठी घरमालकाची सही लागत होती. विठाबाई बाळाजीशेठकडे गेल्या, तेव्हा त्यांनी चहा पाजला, यजमानांची आठवण काढली आणि सही नाकारली. एकदा सही दिली, की भाडेकरूचा हक्क लागतो, अशी त्यांना भीती. "विठाबाई, तुला काय कमी आहे? दारात नळ आहे की," असं ते म्हणाल्याचं विठाबाईंनी ओट्यावर येऊन सांगितलं. दारातला नळ म्हणजे मी. आणि मलाच काढायचं चाललं होतं.

मी गेलो तर विठाबाईंना पाणी आणायला रेल्वे लाइनजवळच्या हातपंपापर्यंत लांब चालत जावं लागणार होतं. त्यांचे गुडघे आधीच धरलेले. नेम तर मोडलाच असता.

ओट्यावर सभा भरली. यशोधराचं म्हणणं होतं, की सगळ्यांनी रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं. पाणी देणं हे सरकारचं काम आहे, उपकार नव्हेत, असं ती म्हणाली. पण ज्यांच्या घरात नळ आले होते, त्या कामाचा खाडा करून कशाला येतील? उरलेल्यांना ऑफिसचीच भीती. मग द्रौपदीबाईंना युक्ती सुचली. नळाला कुंकू लावू, हार घालू, समोर दिवा ठेवू. देवाला हात लावायची कोणाची छाती आहे? बायकांना ते एकदम पटलं. मात्र हे कुंकू विठाबाईंच्या हातून लागलं पाहिजे, कारण त्यांचा नेमधर्म सगळ्या मोरिवलीला माहीत. त्यांनी देव म्हटलं, तर तो देव.

यशोधरा शेवटचं बोलली, आणि ते मी विसरलेलो नाही. "काकू, देवाला हात लावायला भितील. पण देवाचं पाणी तोडायला कोण भितं? आणि आज इथे चपला काढायला लावाल, उद्या आम्हाला लांब उभं राहायला सांगाल."

विठाबाई उठून घरात गेल्या. मग त्यांनी देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी आणली. बोट बुडवून माझ्या तोंडावर कुंकू टेकवलं. भीतीनं माणूस देवाकडे जातो, यात नवल नाही. पण त्या दिवशी भीतीनं त्यांनी देव बनवला.

दोनच दिवसांनी कामगार पहारी घेऊन आले. मुकादमानं हार पाहिला, दिवा पाहिला. त्यानं चपला काढल्या, नमस्कार केला आणि माणसं परत नेली. मोरिवलीत आनंदीआनंद झाला. पेढे वाटले. मलाही वाटलं, मी वाचलो.

पुढच्या आठवड्यात माझं पाणी बंद झालं. पहार नको, फोडाफोड नको. चंदूनं चेंबर उघडलं, चावी फिरवली आणि झाकण लावलं. बायकांनी त्याला घेरलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ताई, माझ्या हातात काय नाय. देवाला हात लावू नको बोलले, व्हॉल बंद कर बोलले. केला."

बायकांना आधी वाटलं, देव कोपला. म्हणून त्यांनी आणखी पूजा केली. कोरड्या ओट्यावर कपडे धुवायचे नाहीत असं ठरलं. चपला घालून चढायचं नाही असंही ठरलं. मग एकदा यशोधराची मुलगी प्रीती ओट्यावर खेळायला चढली, तर द्रौपदीबाईंनी तिला, "लांब हो गो, देव आहे," म्हणून खाली उतरवलं. यशोधरानं मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली. विठाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

निवडणूक आली. एका उमेदवारानं माझ्यावर पत्र्याचं छप्पर घातलं, ओट्याला फरश्या बसवल्या, घंटा टांगली. पाणी कोणी मागितलं नाही आणि कोणी दिलंही नाही. आता समोरच्या इमारतीतल्या गाड्यासुद्धा माझ्यापाशी थांबतात. काच खाली होते, हात कपाळाला लागतो, काच वर जाते. यांत वाईट माणूस कोणीच नाही. पण नंबरचे दगड ओट्यामागच्या गवतात पडून आहेत. भांडणं नाहीत, हशा नाही. भर गर्दीच्या सणालाही मी एकटाच असतो.

विठाबाईंना पाणी कोण देतं, ठाऊक आहे? यशोधरा. तिचा नवरा महेंद्र रेल्वे लाइनकडून भरलेला हंडा रोज त्यांच्या खोलीपर्यंत आणून ठेवतो. विठाबाई घेतात, पण त्यांची मान खाली असते. मागून आणलेलं पाणी वाटसरूला कसं द्यायचं, म्हणून त्यांनी आपल्या पिण्यातलं कमी केलं आणि नेम चालू ठेवला. एका उन्हाळ्यात त्या ओट्याशीच चक्कर येऊन पडल्या. घंटा वाजवणारे दोघेजण धावले. तोंडावर मारायला पाणी हवं होतं, आणि ते नळाजवळ उभे राहून पाणी शोधत होते.

बऱ्या झाल्यावर एका सोमवारी विठाबाई ओला फडका घेऊन आल्या. माझा हार काढला. फडक्यानं माझं तोंड पुसू लागल्या. थर जाड होता, त्यांना दम लागत होता. द्रौपदीबाई धावत आल्या आणि, देवाचं कुंकू पुसतेस, तुझा नेमधर्म कुठे गेला, असं विचारू लागल्या.

विठाबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "देव माझ्या घरात आहे, द्रौपदीताई. हा नळ आहे. मी माझ्या भीतीपायी त्याचं तोंड बंद केलं."

त्यांनी गवतातून आपला दगड शोधून काढला आणि ओट्यावर पहिल्या नंबरला ठेवला. रिकामा हंडा उचलला आणि त्या यशोधराच्या दारात गेल्या. थोड्या वेळानं दोघी पाण्याच्या ऑफिसच्या दिशेनं निघाल्या. प्रीती मागून धावत आली, माझी तोटी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिली, आणि आईच्या मागे गेली.

त्या दिवशी पाणी आलं नाही. अजूनही आलेलं नाही. विठाबाईंचा सोमवारचा उपास आता ऑफिसच्या बाकावर होतो. हंडा मांडीवर, ओठात नामस्मरण. साहेबांनी विचारलं, की त्या एवढंच म्हणतात, "कारंज्याला मिळतं, तर आम्हाला पण मिळू दे." गेल्या सोमवारी त्यांच्यामागून तिसरा हंडा गेला. तो द्रौपदीबाईंचा होता. कमरेवर हंडा, तोंडानं कुरकूर, पण गेल्या.

माझ्या तोंडावर लोक पुन्हा कुंकू लावतात, विठाबाई पुन्हा पुसतात. मित्रांनो, श्रद्धा फार चांगली गोष्ट आहे; ती माझ्यावर वाया घालवू नका. मला पाण्यासाठी ओतलं आहे. तुम्ही कधी मोरिवलीच्या बाजूला आलात, तर घंटा वाजवू नका, माझी तोटी फिरवून बघा. पाणी आलं नाही, तर हात जोडून पुढे जाऊ नका. सोमवार असेल, तर विठाबाई थोड्याच पुढे गेलेल्या असतील. गुडघ्यांमुळे त्या हळू चालतात. त्यांचा हंडा धरा.

माझा वायसर अजून शाबूत आहे. पाणी सुटलं, तर हे कुंकू मी संध्याकाळपर्यंत धुऊन टाकीन.