जसोंडीची पुलिया

ज्योत्स्नाने कॅमेरा थोडा खाली वळवला तशी पडद्यावर आधी केळीची पानं आली, मग रस्त्याची कड आली आणि मग एक माणूस आला. त्याच्या एका हातात लाल फडकं होतं, दुसऱ्यात हिरवं. खंडव्याकडून एक ट्रक येत होता. माणसाने लाल फडकं उंच धरलं. ट्रक मंदावला आणि भर दुपारी, कोऱ्या करकरीत चौपदरी रस्त्यावर, कुठेच नसलेल्या एका खड्ड्याला व्यवस्थित वळसा घालून पुढे निघून गेला. माणसाने त्याच्या पाठीमागे हिरवं फडकं हलवलं. नियंत्रण कक्षातल्या पडद्यांना आवाज नसतो, त्यामुळे हे सगळं पाण्याखाली घडावं तसं चाललं होतं.

“देखो ना मॅडम, हाच तो म्हातारबा,” चंदन म्हणाला. “रोज दुपारी स्पीडचा ग्राफ इथंच का पडून राहिला, मी सोचतच होतो. मला वाटलं सेन्सर खराब झाला.”

चंदन तिच्या हाताखालचा ऑपरेटर. पोरगा हुशार, पण नजर नेहमी ग्राफवर. माणूस दिसला की त्याला आधी आश्चर्यच वाटायचं. आसीरगडच्या घाटापासून इच्छापूरच्या पुढे राज्याच्या हद्दीपर्यंतचे रस्ते ज्योत्स्ना महाजन या खोलीत बसून चालवत असे. कुठली गाडी बंद पडली, कुठे धुकं उतरलं, कुठली लेन अडवायची, कुठली सोडायची, सगळं तिच्या एका शब्दावर. हुद्दा लांबलचक होता, वरिष्ठ वाहतूक अभियंता, महामार्ग परिचालन. तिची भावजय शीतल मात्र तो दोन शब्दांत उरकायची. ताई ट्रका पाहते, एवढंच सांगायची.

ज्योत्स्नाने चित्र मोठं केलं. पडद्यावरच्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली होता. लहानपणी त्याच खांद्यावर डोकं टाकून ती जत्रेतून घरी यायची.

“पेट्रोलिंगवाल्यांना सांगू का? उचलून ठाण्यात देतील. आज तर लिमिट उठवायचंय आपल्याला.”

तीच तर पंचाईत होती. रस्ता नवा म्हणून जसोंडीजवळच्या या पट्ट्यावर इतके महिने वेगमर्यादा कमी ठेवली होती. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आणि आज दिवस मावळायच्या आत ती उठवायची होती. तशी शिफारस तिनेच केली होती. एकदा का मर्यादा उठली की उतारावरून येणारी गाडी फडकं दिसेपर्यंत माणसाच्या अंगावर आलेली असेल. ज्योत्स्ना खुर्चीवरून उठली.

“नको,” ती म्हणाली. “मी जाते.”

“तुम्ही?”

“दोन्ही बाजूंच्या बोर्डांवर संदेश टाक. आगे काम चालू है, धीरे चलें.”

“पण मॅडम, काम कुठंय?”

“टाक म्हटलं ना.”

चंदनने टाकला. रस्त्यावरच्या त्या मोठ्या दिव्यांच्या बोर्डांबद्दल ज्योत्स्ना फार कडक होती. बोर्ड एकदा खोटं बोलला की लोक त्याचं खरंही ऐकत नाहीत, असं ती नव्या माणसांना बजावून सांगायची. चंदनलाही तिने सांगितलं होतं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शहाण्यासारखा पुन्हा ग्राफकडे वळला.

जिना उतरता उतरता तिने शीतलला फोन लावला.

“तुमची शपथ ताई, मी कापूस वेचायला गेली तेव्हा झोपले होते आबा,” शीतल रडकुंडीला आली. “कुलूप लावते तं मागच्या दारानं जातात. झेंडे लपवले तं नवे बनवले. लाल माह्या परकराचं, हिरवं सासूबाईंच्या लुगड्याचं.”

“समाधान काय म्हणतो?” तिने भावाबद्दल विचारलं.

“ते तं रोजच सांगतात. आबा, पुलिया केव्हाचीच बनून गेली, आता तं वरून चौपदरी झाला. मंग आबा अंगावर येतात. म्हणतात, बनून गेली, पण पास कोणी केली?”

ज्योत्स्ना जिन्यातच थांबली.

निंबा महाजन, म्हणजे तिचे आबा, बांधकाम खात्यात रस्त्याच्या गँगवर मुकादम होते. या भागातल्या रस्त्यांखालच्या किती मोऱ्या त्यांच्या हातच्या होत्या, याचा त्यांनाही पत्ता नसेल. इकडे मोरीला सगळे पुलियाच म्हणतात. आणि पुलिया पास करायची त्यांच्या वेळची एक रीत होती. साहेब येणार, खाली वाकून बघणार, हातोडीने ठोकणार, हे तर सगळीकडेच असतं. पण शेवटी साहेबांनी आपली जीप सगळ्यांच्या आधी पुलियावरून न्यायची, आणि त्या वेळी मुकादमाने पुलियाच्या खाली उभं राहायचं. कुठल्या नियमात नव्हतं ते. कोणा एका मुकादमाने कधीतरी जिद्दीने केलं असेल आणि मग ते सगळ्यांच्या मानाचं होऊन बसलं. एकदा आईबरोबर डबा घेऊन गेलेली ज्योत्स्ना ते पाहून किंचाळली होती. जीप वरून गेली, आणि आबा केसांत चुना माती घेऊन हसत बाहेर आले. आई, कुसुम तिचं नाव, त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही.

जसोंडीच्या पुलियाच्या वेळी साहेबांची अचानक बदली झाली. नवे साहेब आले नाहीत, रस्ता तसाच सुरू झाला. आबा त्यावरून घरात कितीदा तरी कुरकुरले होते. सगळ्यांनी ते कानाआड केलं होतं, ज्योत्स्नानेही. आई गेली, आबांच्या डोक्यात नावं आणि वर्षं एकमेकांत मिसळायला लागली, रविवारी भेटायला गेलेल्या लेकीला ते कधी कुसुम म्हणायला लागले तर कधी पाहुण्यासारखं ‘बसा’ म्हणायला लागले. बाकी सगळं विस्कटलं होतं, ती पुलिया मात्र जिथल्या तिथे राहिली होती, पास व्हायची.

गस्तीची गाडी कडू चालवत होता. कडू नावाचाच कडू. बोलायला लागला की थांबवावं लागे. पण आज मॅडमनी चमकदार जाकीट आणि हेल्मेट चढवलेलं बघून तोही चूप होता. थंडीचे दिवस. केळीच्या बागांवर ऊन पिवळं होऊन रेंगाळत होतं आणि नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यांतून गार वास येत होता. डोक्यावरचा बोर्ड सांगत होता, आगे काम चालू है. पुढे केळीचे ट्रक, नेपानगरकडून आलेले कागदाचे ट्रक, एक लग्नाची बस, सगळे सावकाश, एकामागे एक निघाले होते. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. ज्योत्स्नाला वाटलं, आपण सगळा महामार्ग उचलून आबांच्या मनात नेऊन ठेवला आहे, आणि कुणाची काही तक्रारही दिसत नाही. तिला जरा बरं वाटलं आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं.

“मॅडम, खड्डा कुठंय?” पुढचा ट्रक वळसा घालताना पाहून कडूने विचारलं.

“आहे तिथे. तूही वळसा घाल.”

गाडी कडेला लागली. पिवळा दिवा फिरत राहिला. आबांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे. दोन्ही फडकी काखेत मारली, टोपी सरळ केली, हात धोतराला पुसले.

“या सायेब,” ते म्हणाले. “लय वाट पाह्यली तुमची.”

तिच्या तोंडाशी ‘आबा’ आलं होतं. ते तिने गिळलं.

“आधीचे साहेब बदलून गेले, मुकादम. आता हा रस्ता माझ्याकडे आहे.”

“बाई?”

“हो.”

आबांनी क्षणभर विचार केला. “चालन,” ते म्हणाले.

मग त्यांनी काम दाखवलं. कुठवर खोदलं, दगड कुठला आणला, कुठे पाणी झिरपत होतं आणि ते कसं बंद केलं. बोट दाखवत होते ते नव्या डांबराकडे, पण बोलत होते ते सगळं खरं होतं. त्या वेळी तसंच झालं असणार. ज्योत्स्ना गुडघ्यावर बसली. तिने बोटांची मूठ करून डांबरावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या परीक्षेच्या निकालाला शाळेत आले होते तेव्हाही ते असेच बघत होते, मास्तरांच्या तोंडाकडे.

ती उठली. “गाडी न्यायची का वरून?”

आबांचा चेहरा असा उजळला की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

“मी खाली उतरतो,” ते म्हणाले.

“कडू, तू उतर त्यांच्याबरोबर. हात सोडायचा नाही.”

“मॅडम, हे काय...” कडूने सुरुवात केली. मग आबांनी आपला हात त्याच्यापुढे धरला आणि त्याने तो धरला. दोघे गवताला धरून उताराने खाली गेले. खाली कोरडा नाला होता, सावली होती, आणि माणूस मान वाकवून उभा राहील एवढी जागा होती. तिथे आबा जगातल्या कुठल्याही जागेपेक्षा सुरक्षित होते, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. दिवसभर त्या पुलियावरून केवढे केवढे ट्रक जात.

तरीही स्टिअरिंग धरण्याआधी तिने तळवे जाकिटाला पुसले.

तिने पहिला गियर टाकला. वळसा घातला नाही. जिथून ट्रक बाजूला होत होते, नेमक्या तिथून तिने गाडी सरळ नेली, बैलगाडीच्या चालीने. चाकाखाली काहीच लागलं नाही. पुढे जाऊन तिने गाडी थांबवली, उतरली आणि कठड्यावरून वाकून हाक मारली.

“मुकादम!”

खालून, पोकळीत घुमून, आवाज आला. “टस से मस नही सायेब! टस से मस नही!”

ते वर आले तेव्हा टोपीला कोळ्याचं जाळं अडकलं होतं आणि दम लागला होता. हसत होते. कडूही हसत होता. का ते त्याला सांगता आलं नसतं.

“पास?” आबांनी विचारलं.

“पास.”

त्यांनी मान डोलावली. फडक्यांच्या नीट घड्या केल्या, लालावर हिरवी ठेवली आणि दोन्ही तिच्या हातात दिली. काम संपलं की झेंडे साहेबांकडे जमा. त्यांना आता घरी जायचं होतं, भूक लागली होती. साहेबांच्या गाडीतून सोडतो म्हटल्यावर ते आढेवेढे घेत, पण ऐटीत, पुढच्या सीटवर बसले. कडूने गाडी सुरू केली. तेवढ्यात आबांनी काच खाली करायला लावली.

“सायेब, एक सांगू का? राग नका मानू.”

“बोला ना.”

“माही पोरगी शिकून राह्यली. लय हुशार आहे. तुमच्या हाताखाली कुठी लागली तं पाहा.”

ज्योत्स्नाने हेल्मेटचा पट्टा उगाचच घट्ट केला. “नाव काय तिचं?”

“ज्योत्स्ना.” त्यांनी नाव जपून, पुरतं उच्चारलं. मग आवाज खाली आणला. “पण तिले असं रस्त्यावर नका उभं करू. आमचं काय, गेलं उन्हात. तिले सावलीत बसवा.”

“बसवते,” ती म्हणाली.

“आन तिले नका सांगू मी बोललो म्हनून.”

“नाही सांगणार.”

गाडी जसोंडीच्या फाट्याला वळली आणि केळीच्या आड गेली. ज्योत्स्ना कडेला उभी राहिली. हातातल्या हिरव्या फडक्याला आईच्या लुगड्याचे काठ होते, तेही आबांनी तसेच ठेवले होते. उन्हाने डोळे चुरचुरत होते. समोरून ट्रक येत होते, तिच्याजवळ आले की मंदावत होते आणि वळसा घालून जात होते.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

“मॅडम, तुम्ही सांगितलं तसे बोर्ड साफ केले. लिमिट उठवू का?” चंदनचा आवाज आला. “पण स्पीड तर अजून पडूनच राहिला. कॅमेऱ्यात धूळ आहे, साफ नाही दिसत. तो म्हातारबा गेला ना? कोणीतरी झेंडे घेऊन उभंच आहे तिथं.”

ज्योत्स्नाने कॅमेऱ्याच्या खांबाकडे पाहिलं.

“मी आहे,” ती म्हणाली.

मग ती चार पावलं मागे सरली, बाभळीच्या सावलीत, आणि फडकी पोटाशी धरली. पुढचा ट्रक आला आणि वेग कमी न करता सरळ निघून गेला.

“उठव आता,” तिने सांगितलं.