अबेलार्दोची उसनी बाग

त्रुहियो शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एर्मेलिंदा राहायची. मारिनेरा नाचणाऱ्या मुलींचे झालरीचे घागरे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि एक भाऊ, एवढाच संसार. भाऊ म्हणजे अबेलार्दो. पन्नाशी उलटलेली, लग्न नाही आणि जिभेला हाड नाही.

एर्मेलिंदाला विरिंगो पाळायचा होता, आपला तो बिनकेसांचा काळा कुत्रा. त्याचं अंग कायम गरम. गुडघ्यापाशी निजला की सांधेदुखी पळते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पण मैत्रिणीची फजिती तिने डोळ्यांनी पाहिली होती. त्या बिचारीने पेट्रोल पंपावर एका माणसाकडून "अस्सल" पिल्लू घेतलं. याची आई कुठंय, असं विचारलं तर म्हणाला, माहेरी गेलीय. पुढे त्या अस्सल पिल्लाला मेंढीसारखी लोकर आली आणि तो माणूस काही फोन उचलेना.

म्हणून एर्मेलिंदाने ठरवलं, पिल्लाची आई आणि ते वाढलं ते घर पाहिल्याशिवाय घ्यायचंच नाही. विचारपूस करता करता मोचे गावच्या, घरी विरिंगोंची पैदास करणाऱ्या सेन्योरा आस्मात यांचं नाव कळलं. "बाई चोख आहे," लोक म्हणाले, "पण प्रश्न विचारून गिऱ्हाइकाला सोलून काढते."

बहीणभाऊ मोचेला गेले. सेन्योरांनी त्यांना ओसरीत बसवलं, मक्याची चिचा प्यायला दिली आणि आधी पिल्लांच्या आईला बाहेर आणलं. कुत्री येऊन एर्मेलिंदाचे हात हुंगून गेली. मग पिल्लं आली. त्यांतल्या दोघांच्या अंगावर चक्क केस होते.

"ही पण हिचीच?" एर्मेलिंदाने विचारलं.

"हिचीच. अशी एखाददुसरी निघतातच. माझ्याकडे कधीच निघत नाहीत असं जो म्हणेल, त्याच्या दारातून मागे फिरायचं." सेन्योरांनी आईचा जबडा उघडून दाखवला. "दाढा कमी आहेत बघा. केस नसले की दातही कमी, जन्मतःच. आता सांगितलं, नंतर भांडायला येऊ नका."

एर्मेलिंदाला बाई फार आवडली. मग बाईंचे प्रश्न सुरू झाले. दिवसभर घरी कोण असतं? आधी कुत्रा होता का? तो कशाने गेला? एर्मेलिंदा तोंड उघडायची, तोवर अबेलार्दोचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

"घराला बाग आहे?" सेन्योरांनी विचारलं.

"बाग?" अबेलार्दो हसला. "अहो, मळाच म्हणा! पिल्लू सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात बागडेल."

एर्मेलिंदाने त्याला कोपर मारलं, पण तिला त्यांतलं एक पिल्लू हवंच होतं. ती गप्प बसली.

"छान," सेन्योरा म्हणाल्या. "सोमवारी येते बघायला."

परतताना एर्मेलिंदाने भावाला बसमध्येच फैलावर घेतलं. "मळा? आपल्याकडे तुळया झाकायला धड छप्पर नाही, आणि मळा?"

"ताई, तू नको काळजी करू. समोर तेओफिलोची बाग आहे ना. घरासकट एक दुपार उसनी मागू, आपलंच म्हणून दाखवू."

सेन्योर तेओफिलो विधुर गृहस्थ. गंमत आहे म्हणून तयार झाले, पण एका अटीवर: घरातून हाकलायचं नाही, पाहुणा म्हणून मी कोपऱ्यात बसणार.

सोमवारी सेन्योरा आस्मात आल्या. एर्मेलिंदाने तेओफिलोंच्याच स्वयंपाकघरात शांबार, म्हणजे आमच्याकडचं गव्हाचं दाट सूप, शिजवलं होतं. अबेलार्दो वाढायला उठला आणि चमचे शोधत एकामागून एक खण उघडू लागला. पहिल्यात स्क्रूड्रायव्हर निघाले, दुसऱ्यात मयत बायकोचे फोटो. कोपऱ्यातले पाहुणे घसा खाकरून तिसऱ्या खणाकडे भुवया उडवत होते.

सेन्योरांनी निवांत सूप संपवलं आणि बागेत गेल्या. "लुकुमाचं झाड सुरेख आहे हो. कोणी लावलं?"

"मी. या हातांनी!" अबेलार्दो म्हणाला. "खड्डासुद्धा मीच खणला."

मागून तेओफिलोंचा आवाज फुटला. "खोटारड्या! माझ्या बापाने लावलंय ते! तू तर आजवर कुंडीत पाणी घातलं नाहीस!"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आम्ही काय, आधीपासून उभेच होतो.

सेन्योरा आस्मात आधी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "अहो महाशय, बागेचं मी का विचारते, ठाऊक आहे? उघड्या कातडीचं जनावर ते. दिवसभर उन्हात ठेवलं तर भाजून निघेल. बाग आहे म्हणून कुत्र्याला बाहेरच ठेवणाऱ्यांना मी पिल्लू देत नाही. तुम्ही नापास व्हायला घर उसनं घेतलंत."

एर्मेलिंदाचे कान लाल झाले होते. "चूक माझीही आहे," ती म्हणाली. "मी ऐकून गप्प बसले. आता आलाच आहात तर माझं खरं घर बघून जा. पिल्लू देऊ नका हवं तर."

सेन्योरा तिच्या दोन खोल्यांत शिरल्या. सावली, माणसांचा वावर, खिडकीशी जुनी उशी, सगळं त्यांनी पाहिलं. मग वाकून मशीनखालून काहीतरी उचललं आणि एर्मेलिंदाच्या तळहातावर ठेवलं. टाचणी होती. मग आणखी एक. मग आणखी.

"पिल्लू हे गिळेल," त्या म्हणाल्या. "बाग नसली तरी चालेल. हे चालणार नाही."

"मी रोज झाडते."

"तुम्ही शिवा. झाडेल तो." त्यांनी अबेलार्दोकडे बोट दाखवलं. "पिल्लं अजून आईला पितायत. तोवर मी मधूनच येऊन जाईन, न सांगता. एक जरी टाचणी सापडली, तर पिल्लू दुसऱ्याला."

त्यानंतर अबेलार्दो लोहचुंबकाला दोरी बांधून रोज खोलीभर रांगायचा. पोरं खिडकीतून ओरडायची, "काका, मासे लागले का?" सेन्योरा अवचित दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा गुडघ्यांवर बसून सगळी फरशी चाचपली आणि हात झटकत निघाल्या.

शेवटी मोचेहून बोलावणं आलं. सेन्योरांनी लसीचं कार्ड दिलं, काय खाऊ घालायचं ते सांगितलं आणि एर्मेलिंदाकडून वचन घेतलं: कधी सांभाळणं जमलं नाही, तर कुत्रं कितीही म्हातारं झालेलं असो, परत माझ्याकडेच आणायचं, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. मग पिल्लाच्या कपाळाचा मुका घेतला आणि फाटक लावून घेतलं. फाटकाआड त्या नाक पुसत होत्या.

परतीच्या बसमध्ये कुत्र्यांना मज्जाव होता. अबेलार्दोने पिल्लू शर्टाच्या आत घेतलं आणि वरून बटणं लावली.

"पोटाला काय झालंय?" ड्रायव्हरने विचारलं.

"हर्निया."

एर्मेलिंदा खिडकीबाहेर बघू लागली. तेवढ्यात शर्टातून बारीक कुंईकुंई आली. ड्रायव्हरने आरशातून डोळे वटारले. "हर्निया ओरडतो होय?"

"भूक लागली की," अबेलार्दो म्हणाला.

सगळी बस हसायला लागली. शेजारच्या मावशींनी थोडं सरकून हर्नियाला जागा करून दिली.