ऊन खाणारा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. पण मला भंगार म्हणाल तर खबरदार! माझा जन्म नागपूरच्या एका प्रयोगशाळेत झाला. कमळाच्या पानावर पाणी टिकत नाही, घरंगळून जाते ना? तशीच बारीक खरबरीत कातडी मला दिली. वर असा लेप चढवला, की ऊन पडताच तो अंगावरचा मळ जाळू लागतो. मला घासायला नको, पुसायला नको. रोजचे ऊन मिळाले की माझे पोट भरले.

देवरीकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, मंदाबाईंच्या अंगणात मला तिरपे उभे केले. हिवाळ्यात रात्री माझ्यावर दव जमायचे आणि थेंब घरंगळत खाली ठेवलेल्या गुंडात, म्हणजे घागरीत, पडायचे. पिण्यापुरते पाणी व्हायचे. मंदाबाईंचा गुडघा कामातून गेलेला आणि विहीर उताराखाली लांब. सकाळी त्या म्हणायच्या, "पोरगा नाही देत, पण हा पत्रा पाणी देते." अंगावर मूठभर मांस चढायचे माझ्या!

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या मुलाला, प्रफुलला, माझी माया आली. गंजू नये म्हणून त्याने मला तेल चोपडले. उन्हाने खराब होऊ नये म्हणून तो दिवसभर ताडपत्री झाकायचा आणि संध्याकाळी काढायचा. अरे, उन्हावर जगणाऱ्याला अंधारात कोंडतोस? तेलकट अंगाला दव चिकटून बसू लागले, गुंडात घोटभरही पडेना. वर प्रफुल मलाच बोलला, "नकली माल हाय. भंगारवाल्याले देऊन टाकतो." नकली? मी? तळपायाची आग मस्तकात गेली!

त्याच सकाळी मंदाबाई विहिरीवर निघाल्या आणि उतारावर पडल्या. गुडघा सुजून टम्म झाला. चूक कुणाची, शिव्या कुणाला आणि दुखणे कुणाच्या वाट्याला!

दोन दिवसांनी आभाळ भरून आले. कापलेला धान अंगणात उघडा होता. मंदाबाई खाटेवरून ओरडल्या, "ताडपत्री धानावर टाक ना बे! पत्र्याले काऊन झाकून राहिला? तो का भिजून मरते?"

ताडपत्री गेली ती धानावरच राहिली. पाऊस उघडला आणि मी अधाशासारखे ऊन खाल्ले. हळूहळू तेल जळाले, आणि एका सकाळी गुंडात पुन्हा पाणी होते.

मित्रांनो, कुणाला जपायचे असेल तर आधी त्याला काय लागते ते बघा. नाहीतर आमचा प्रफुल! पाणी पाहून तो आनंदाने धावत आला, तोही हातात तेलाची वाटी घेऊन.

"हात नोको लावू त्याले!" मंदाबाई कडाडल्या. "मले पुन्हा विहिरीवर धाडतं का? उन्ह खाऊ दे त्याले."