रुमालात बांधलेला वारा

चौकात ही झुंबड! गाडीवर उभा राहून इंदालेसियोबाबानं लाल रुमाल फडकवला नि गरजला, "डोंगरमाथ्यावर बर्फ पडतोय, तरी उद्या दुपारी सोंडा वारा येणार! भाजून काढेल! पण मी त्याला या रुमालात बांधीन, रात्री गारेगार!"

"वर बर्फ नि खाली भट्टी? चमत्कारच!" लोकांनी छातीवर क्रूस काढला. गाडीत कोंबड्या नि वाइनचे बुधले जमले.

मी इथल्या दवाखान्यातली नर्स. हा तमाशा बघून माझं डोकंच फिरतं. गर्दीत ओतिलियाआजी दिसली. तिच्या नातीला, लूसला, दमा.

"आजी, लूसचा पंप कुठंय?"

"ठेवलाय कपाटात. बाबा म्हणाले, रुमालाला गाठ मारली की औषध चालत नाही. दारं सताड उघडी ठेवायची, वारा निघून जातो."

"अगं, धूळ आत येईल! पोर गुदमरेल!"

"चार बुकं शिकलीस, म्हणून बाबांपेक्षा शहाणी झालीस होय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सोंडा आला. चौकात बाबा गाठी मारत होता नि इकडे आजीच्या घरात लूसचे ओठ निळे पडले होते. मी कपाटातून पंप काढला, दार लावलं, फटीत ओली फडकी कोंबली. संध्याकाळपर्यंत पोरीचा श्वास मोकळा झाला. रात्री वारा पडला, थंडी आली. बाबाचा जयजयकार! काय म्हणावं या लोकांना!

पुढच्या वेळी चौकात बाबा तोंड उघडणार, तोच मिर्ताबाई मास्तरीण त्याच्या गाडीत चढल्या. घोंगडीखालून रेडिओ काढून त्यांनी मोठ्यानं लावला.

"घाटात बर्फ, ट्रक थांबवले. उद्या खोऱ्यात उष्मा नि सोसाट्याचा वारा. रात्री दक्षिणेकडून थंडी."

"बर्फ पडतोय तरी नाही, बर्फ पडतोय म्हणून!" बाई कडाडल्या. "पलीकडून ओला वारा डोंगर चढतो, माथ्यावर बर्फ सांडतो, कोरडा होतो नि इकडे उतरताना तापतो. दक्षिणेचा, ध्रुवाकडचा गार वारा आला की थांबतो. रुमाल नाक पुसायला वापरा!"

"रेडिओवाल्यांना मीच कळवतो!" बाबा म्हणाला. लोक हसले. पण दोघा-तिघांनी मान डोलावली हो!

आजी अजून घुटमळत होती. "पण गाठ मारली नि वारा पडला, हे खरं ना?"

"आजी, गाठ नसती तरी पडला असता. पंप नसता तर लूस नसती. वाऱ्याला गाठ मारता येत नाही, दाराला कडी लावता येते. उद्या लाव."