वादळ उजवीकडे आहे

आमचे हवामानवाले साहेब आयुष्यात कधी भिजलेले नाहीत. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत छप्पर, लिफ्टपासून मेकअप रूमपर्यंत गालिचा. आणि हा माणूस रोज पडद्यावर उभा राहून लोकांना सांगणार, घाबरून जाऊ नका! मी कंट्रोल रूममध्ये बसून चॅनलचा आवाज सांभाळते, म्हणून त्यांचं ऐकणं मला भाग आहे. नाहीतर केव्हाच कानात बोळे घातले असते.

त्या दुपारी वादळामागे सोडलेल्या गाडीत माझा धाकटा भाऊ होता. कॅमेरामन. लहानपणी वर बघत चालायचा आणि खांबांवर आपटायचा, म्हणून घरात त्याला ढग्या म्हणतात. लग्नांचं शूटिंग करून सुखाने जगत होता की! पण दुसऱ्या चॅनलची गाडी एकदा वादळाच्या इतकी जवळ गेली की उडालेला पत्रा थेट तिच्या काचेवर आपटला, आणि ते बघायला सगळा देश टीव्हीपुढे गोळा झाला. झालं! आमच्या प्रोड्यूसरला स्वस्थ बसवेना. आपलीही गाडी हवी. पहिला हात वर केला तो आमच्या शहाण्याने. आईने अबोला धरून पाहिला, त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

हे वादळ म्हणजे नुसतं वारं नव्हे. जमिनीवर उतरलेला भोवरा, घरांची छपरं उचलून नेणारा, आणि त्याच्या भोवती पाऊस इतका की आतलं काही दिसत नाही. गाडीतल्यांना दिसत नाही म्हणून वाट दाखवायची स्टुडिओने. साहेब रडारच्या नकाशावर तांबडा ठिपका बघणार, कुठे वळायचं ते सांगणार, आणि ड्रायव्हरकाका तसं वळवणार. अशी आमची पद्धत.

"वादळ तुमच्या उजवीकडे आहे," साहेब सांगत होते. "लांब चाललंय. सरळ पुढे जा, फार सुंदर दिसेल."

सुंदर म्हणे!

पडद्यावर ढग्या पुढच्या सीटवर बसला होता, कॅमेरा स्वतःकडे वळवलेला, काच अर्धी उघडी, केसांतून पाणी गळतंय. "साहेब, आवाज डावीकडून येतोय. गिरणी चालू असल्यासारखा."

"आवाज फसवतो," साहेब हसले. "नकाशा फसवत नाही."

तो आवाज माझ्याही कानात येत होता आणि वाढत होता. शेजारी ग्राफिक्सवाली बसते, तिला विचारलं, "कोपऱ्यात वेळ दिसतेय, ती रडारचीच ना गं?"

"छे, ते आपलं स्टुडिओचं घड्याळ. रडारचं चित्र उशिरा येतं ना, मग कोपऱ्यात जुनी वेळ दिसायची. साहेबच म्हणाले, शिळं वाटतं, लोक चॅनल बदलतात. म्हणून आपलं घड्याळ लावलं."

"मग हे चित्र कधीचं आहे?"

ती चाचपडली. तिने कुठलीशी खिडकी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. "आज फारच जुनं येतंय गं. मला वाटलं, साहेबांना माहीत असेल."

तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांना ताजं वाटावं म्हणून स्वतःच घड्याळ चिकटवायचं, आणि मग स्वतःच त्याच्यावर भरवसा ठेवायचा!

"नकाशा जुना आहे!" मी प्रोड्यूसरवर ओरडले. "गाडी मागे फिरवायला सांगा!"

"ब्रेकमध्ये बोलू," तो मान न वळवता म्हणाला. "समोर बघ, काय चित्र येतंय!"

गाडीशी बोलायचं बटण त्याच्याच टेबलावर. मी माझा मोबाइल काढला आणि ढग्याला लावला.

"ताई, अगं लाइव्ह आहे मी!"

"गाढवा, मागे फिरा! नकाशा शिळा आहे. वादळ डावीकडेच आहे, तुमच्या अंगावर येतंय."

"पण साहेब तर म्हणतायत..."

"खड्ड्यात गेले तुझे साहेब! काकांना सांग."

त्याने सांगितलं. "मागे घेऊ कुठे? रस्ताच दिसत नाहीये," काका म्हणाले.

"ताई," ढग्या म्हणाला, "आता दोन्हीकडून येतोय आवाज." लहान असताना अंधाराला घाबरायचा, तसा वाटला तो मला. "फोन ठेवू नकोस हं."

मी नाही ठेवला. फोन पलीकडूनच तुटला.

मान वर केली तर समोर पडद्यावर ढग्या हसत होता. गाडीतून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत उशिरा येतं, आणि त्या पावसात तर फारच रेंगाळत होतं. फोनवर जे संपलं होतं, ते पडद्यावर अजून सुरूही झालं नव्हतं. त्याने खिशातून फोन काढला, नाव बघितलं आणि प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला. "आमच्या ताईसाहेब! इथल्यापेक्षा घरचं हवामान वाईट दिसतंय."

साहेब खळखळून हसले. "मस्त! ठेव, ठेव हे!" प्रोड्यूसर म्हणाला.

"बंद करा!" मी किंचाळले. कुणी काही केलं नाही. मी ते सगळं पुन्हा पाहिलं. त्याचं गोंधळणं, काकांकडे वळणं, मग डावीकडे बघणं, मग उजवीकडे. त्याचे ओठ हलले आणि पडदा काळा झाला.

साहेब म्हणाले, "संपर्क तुटलाय, लवकरच परत जोडू." जाहिरात लागली. ग्राफिक्सवाली रडायला लागली. मला रडूही येईना.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. क्षणभर वाटलं, तोच. आई होती. घरचा टीव्ही इंटरनेटवर चालतो, तिथे सगळं आमच्याही बऱ्याच मागून पोहोचतं.

"अगं, तुलाच डोळा मारला बघ त्याने!" आई इतक्या दिवसांनी हसत होती. "त्याला म्हणावं काच वर कर, भिजतोय नुसता."

"सांगते," मी म्हणाले.

"थांब हं, काहीतरी बोलतोय तो, ऐकू दे मला," ती म्हणाली, आणि फोन तसाच धरून तिने टीव्हीचा आवाज वाढवला.