दाबाची रेघ

२०२३ साली श्रावण दोनदा आला. आधी अधिकाचा, मग निज. ते वर्ष मला त्यावरूनच आठवतं, कारण अधिक महिना पडला नसता तर माझ्या घरात काय चाललंय ते मला कधीच कळलं नसतं.

सदतीस वर्षं मी महापालिकेच्या रुग्णालयात ईसीजी काढले. पट्टी यंत्रातून बाहेर आली की डॉक्टरांच्या आधी आपण वाचून बघायची, हा माझा नाद. डॉ. क्षमा तिथे शिकाऊ म्हणून आली तेव्हा पट्टी कशी वाचायची ते मीच तिला दाखवलं होतं. आता घाटकोपरला तिचा झोपेच्या आजारांचा दवाखाना आहे. मला ती अजूनही नलिनीताईच म्हणते.

माझा मुलगा सुयोग अंधेरीच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचा. बोरिवलीहून माणसं उचलायची आणि आरे कॉलनीच्या रस्त्याने आणायची. त्या मे महिन्यात आरेच्या वळणावर त्याला डुलकी लागली आणि बस झाडाला घासून थांबली. कोणाला लागलं नाही. तपासणीत निघालं की झोपेत त्याचा श्वास तासाला एकेचाळीस वेळा अडतो. कंपनीने सांगितलं, रोज श्वासाचं मशीन लावून झोप, दोन महिन्यांची नोंद आणि डॉक्टरची चिठ्ठी दाखव, मग बसला हात लाव.

मला हे नवीन नव्हतं. त्याचे वडील असेच घोरायचे आणि मधेच गप्प व्हायचे. गिरणी गेल्यावर ते वॉचमन झाले होते. दिवसा झोपायचे आणि माझी सुट्टी असली की मी शेजारी बसून सेकंद मोजायची. बारा, पंधरा, वीस, मग एकदम धाप टाकून पुन्हा सुरू. १९९८ च्या दिवाळीनंतर एक दिवस ते उठलेच नाहीत. मोजलं होतं, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं. घोरण्याचं काय सांगायचं, असं तेव्हा वाटायचं.

म्हणून सुयोगचं मशीन आलं तेव्हा त्याच्या कार्डावरचे आकडे वाचून नोंद मी ठेवणार असं मी आधीच सांगून टाकलं. क्षमा म्हणाली, "तुम्ही वाचणार असाल तर मला कार्ड बघायचीही गरज नाही, ताई."

जुलैपासून रोज सकाळी सुयोग आंघोळीला गेला की मी मशीनमधलं नखाएवढं कार्ड काढून सुनेच्या, दिशाच्या, लॅपटॉपला लावायची. वहीत तीन रकाने आखले होते: मशीन किती तास चाललं, तासाला श्वास किती वेळा अडला, मास्कमधून हवा किती गळली. स्क्रीनवर खाली दाबाची एक रेघ असायची. तिला मी रकाना दिला नव्हता. पहिल्याच दिवशी अडथळे निघाले शून्य पूर्णांक आठ. एकेचाळिसावरून एकाच्याही खाली. मी देवापुढे साखर ठेवली. पुढे रोज तसंच. अर्धा, सहा दशांश, एक.

मग अधिक महिना आला. दिशाचं माहेर मुलुंडला. जावयाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं, दोघं गेली. सुयोग मशीनसाठी संध्याकाळी परतला आणि दिशा चार दिवस आईकडे राहिली. त्या चार दिवसांची नोंद बिघडली. मशीन जेमतेम दीड तास चाललेलं, अडथळे नऊ, अकरा, दहा. मी वहीत पेन्सिलीने लिहिलं, 'दिशा माहेरी'. बायको नाही तर पोराला करमत नाही, असं मी वाचलं. दवाखान्यात क्षमाला हौसेने सांगितलंही. ती हसली, सूनबाईंना आता माहेरी पाठवू नका म्हणाली, आणि तिने चिठ्ठीवर सही केली. एक सप्टेंबरला सुयोग बसवर हजर झाला.

गणपती आठवड्यावर आले होते. क्षमाचा फोन आला, नोंद कशी ठेवावी हे विद्यार्थ्यांना दाखवायचंय, तुमची वही द्या. मला बरं वाटलं. वही स्वच्छ उतरवून काढायची आणि शेजारी आलेख चिकटवायचे ठरवलं. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साठ पानं छापून आणली आणि शनिवारी दुपारी जमिनीवर ओळीने मांडली.

पानं अशी शेजारीशेजारी मांडल्यावर रेघ दिसली. हे मशीन गळा मिटायला लागला की आपोआप हवेचा दाब वाढवतं आणि वाट उघडी ठेवतं. दिशा माहेरी होती त्या चार पानांवर दाब चढत चढत बारावर गेला होता. बाकी छप्पन्न पानांवर तो चारवर, तळाशी पडून होता. ज्याचा श्वास तासाला एकेचाळीस वेळा अडतो त्याच्यासाठी मशीनला राबावं लागतं. इथे त्याला कामच नव्हतं. मी आलेखावरचे श्वासही मोजले. चार पानांवर मिनिटाला एकोणीस, छप्पन्न पानांवर चौदा. छप्पन्न पानांवरचा गळा निरोगी होता, आणि माझ्या मुलाचा नव्हता.

सुयोग जेवत होता. दिशा पोळ्या लाटत होती. हा श्वास कोणाचा, मी विचारलं. सुयोग म्हणाला मशीनमध्येच काहीतरी लोचा असेल. मी पानं त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो दिशाकडे बघायला लागला.

दिशा लाटणं न थांबवता म्हणाली, "माझा, आई. त्याला ते तोंडावर घेतलं की गुदमरायला होतं. ओढून फेकून देतो. मग मीच लावून झोपले."

"साठ रात्री?"

"साठ वजा चार."

मी सुयोगला विचारलं, मला सांगावंसं वाटलं नाही का? रोज सकाळी मी वही काढून बसत होते, तू समोरून टॉवेल घेऊन जात होतास.

"तुला सांगितलं असतं तर जमलं असतं का?" तो म्हणाला. "तुझं नाव होतं म्हणून डॉक्टरने कार्ड मागितलं नाही. तेवढ्यावरच तर निभावलं ना."

किती साधेपणाने बोलला. भाजी वाढून घेतली, आणि मी चपला घालायला लागले तेव्हा मागून म्हणाला, "बाबांचं मोजत होतीस तेव्हा कोणाला सांगितलंस? आता कशाला जातेस?"

मी पानं पिशवीत भरली. त्या बसमध्ये एकतीस माणसं बसतात, एवढंच डोक्यात होतं. रिक्षाने अंधेरीला आले, मेट्रोने घाटकोपर गाठलं.

क्षमाने पानं पाहिली.  मग मला विचारलं, मशीन बिघडलं होतं असं लिहू का? तुमचं आणि सुयोगचं, दोघांचं नाव राहील. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मशीनने साठही दिवस खरंच लिहिलं होतं.

"नको," मी म्हणाले. "मास्क दुसऱ्याने लावला होता आणि वाचणारीचं चुकलं, असं लिही."

तिने कंपनीला फोन केला आणि चिठ्ठी रद्द केली. मला दारापर्यंत सोडायला आली. "मीच कार्ड बघायला हवं होतं, ताई," एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण माझ्या वाचनावर ती पुन्हा विसंबणार नाही हे मला कळलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ती बस विकी नावाचा मुलगा चालवतो, मला नाक्यावर पाहिलं की हात करतो. सुयोगला कंपनीने काढलं नाही, गाड्यांच्या वेळा लावायला ऑफिसात बसवलं. त्या दिवाळीआधीच तो आणि दिशा मुलुंडला राहायला गेले. त्यांना मुलगी झाली, ऋता. बारशाला मला बोलावलं, पण सुयोग माझ्याशी 'जेवलीस का' यापलीकडे बोलला नाही. क्षमा आता प्रत्येक रुग्णाचं कार्ड स्वतः बघते. माझी वही तिने पुन्हा मागितली नाही, ती कपाटात सुयोगच्या वडिलांच्या गिरणीच्या पासाखाली आहे.

दिशा मात्र रोज सकाळी मोबाईलवर सुयोगच्या मशीनच्या पडद्याचा फोटो पाठवते. सोबत एक शब्द नसतो. सात तास, अडथळे शून्य पूर्णांक सात. आजही आला. त्या पडद्यावर तास आणि अडथळे दिसतात, दाब दिसत नाही. दाब बघायचा तर आणखी एक बटण दाबावं लागतं. ते दाबून फोटो पाठव, असं मी तिला कधी सांगितलेलं नाही. मी आकडा वाचते, आणि फोन पालथा ठेवते.